थोरल्यांचा पोचांक

माझ्या लग्नाच्या बोलणीत दोन्ही गावांनी सगळं मान्य केलं, फक्त एक अट घातली. वळूचा विषय कुणी काढायचा नाही. मानपान नको, वाजंत्री कुणाची यावरून भांडण नको, पण पंगतीत वळूचा शब्द निघाला तर पाहुण्यांनी हात धुऊन उठावं, असं भर बैठकीत ठरलं. हसू नका. माणदेशातली खिल्लार जातीची गुरं पाळणारी गावं आहेत ही. इथली माणसं एकमेकांच्या शेताला, घराला, अगदी देवालाही एकवेळ चांगलं म्हणतील, दुसऱ्या गावच्या वळूला म्हणणार नाहीत.

माझं माहेर तरसवाडी. तरसवाडीत वळू एकच, आणि तो देवाचा. नाथबाबाच्या नावानं एक खोंड निवडायचा, त्याला गुलाल लावून मोकळा सोडायचा, आणि मग गावातल्या एकूण एक गायी त्याच्याच. बाकीची खोंडं वेळेत खच्ची करून औताला. देवाच्या वळूबद्दल एकेरी बोलायचं नाही हा दंडक. त्यामुळं जो कोणी देवाचा वळू असेल त्याला सगळे ‘थोरले’ म्हणत. थोरले आज कडब्यावर नाराज आहेत. थोरले ओढ्याकडं गेलेत. माझे वडील, गोविंदा सरगर, थोरल्यांचे मानकरी, म्हणजे सांभाळ करणारे. लहानपणी माझी पक्की समजूत होती की आमच्या घरातले सर्वांत मोठे आजोबा गोठ्यात राहतात.

सासर हिंगणदरा. मध्ये फक्त एक ओढा. तिथला वळू इंद्रा, माझ्या सासऱ्यांचा.

खरं तर आण्णांना, म्हणजे वडिलांना, मला आत्याच्या मुलाला द्यायचं होतं. आमच्याकडं आत्याचा तो हक्कच समजतात. घरातलं स्थळ, ओळखीचं रक्त, लेक कायम डोळ्यांसमोर. मी नवनाथशीच लग्न करणार म्हटल्यावर ते एवढंच बोलले, “वड्यापलीकडं? लई लांब चाललीस, धने.” लग्न लावून दिलं त्यांनी, पण ओढा त्या दिवसापासून रुंद झाला. आठ वर्षांत ते माझ्या घरी एकदाही आले नाहीत. मी जायची, चहा व्हायचा, पाऊसपाण्याच्या गोष्टी व्हायच्या. मला ते फार लागायचं. लेकीला बापानं पाहुण्यासारखं वागवावं यासारखं वाईट दुसरं काही नाही.

आणि या दोन गावांच्या मध्ये बसून मी काम काय करते? गोठवलेल्या वळूवीर्याचा दर्जा तपासते. ज्या विषयावर घरात तोंड उघडायचं नाही त्याच विषयात मी डॉक्टर झाले.

*

थोरले थकले तेव्हा गावानं आमच्या रेत केंद्रात त्यांचं वीर्य गोठवून ठेवलं. हलगी वाजवत आणलं होतं त्यांना. उन्हाळ्यात थोरले गेले. पुढचा देवाचा वळू त्यांच्याच वीर्यातून जन्मावा अशी गावाची इच्छा होती, कारण मागं एकही मुलगा वळू म्हणून राखलेला नव्हता. थोरले म्हणजे आता नायट्रोजनच्या टाकीतल्या काडीसारख्या बारीक कांड्या, बस्स.

कांडीत काय असतं ते सांगते. अंड्याचा बलक, साखर आणि ग्लिसरीन यांच्या मिश्रणात वीर्य कालवून ते बारीक नळ्यांत भरायचं, बेताबेतानं थंड करायचं आणि उणे एकशे शहाण्णव अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये सोडायचं. तिथं सगळं जागच्या जागी थांबतं. पुढं कधीही कांडी काढून कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरली की जगलेले शुक्राणू जागे होऊन पोहू लागतात. पूर्वी आम्ही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून किती सरळ पळतात ते बघायचो. मग कॅमेरा आला, तो प्रत्येकाचा वेग सांगू लागला. मग पेशीचं आवरण शाबूत आहे का ते दाखवणारे रंग आले. एवढं करूनही एक कोडं सुटत नव्हतं. दोन वळूंच्या कांड्या प्रयोगशाळेत सारख्याच चपळ दिसायच्या, पण गोठ्यात एकाच्या गायी गाभण राहायच्या आणि दुसऱ्याच्या उलटायच्या, म्हणजे पुन्हा माजावर यायच्या. पळणं आणि पोचणं यांत फरक आहे, आणि पोचणं मोजायला आमच्याकडं काही नव्हतं.

मागच्या वर्षी आलेलं यंत्र तेच मोजतं. काचेच्या पट्टीवर केसाएवढे बारीक पाट कोरलेले असतात आणि पाटांच्या कडांना गायीच्या गर्भनलिकेतल्या पेशी वाढवलेल्या असतात. एका टोकाला वीर्याचा थेंब सोडायचा आणि दुसऱ्या टोकाला सोट, म्हणजे माजावर आलेली गाय टाकते तो काचेसारखा स्वच्छ स्राव. गायीच्या पोटातली वाटच जणू टेबलावर मांडलेली. किती शुक्राणू पार पोचले आणि पोचल्यावर किती तगले यावरून यंत्र शंभरपैकी एक आकडा देतं. आम्ही त्याला पोचांक म्हणतो. पोचांक तिसाच्या खाली गेला की साठा नष्ट करायचा, हा नवा नियम. नियम वाईट नव्हता. गाय एकदा उलटली की गोठेवाल्याचे तीन आठवडे वाया जातात, दोनदा-तीनदा उलटली की तिला भाकड ठरवून विकतात.

देशी जातींसाठी सोट त्याच भागातल्या गायींचा घ्यायचा असं ठरलेलं होतं. तरसवाडीला निरोप गेला. आता गावानं काय करावं? देवळात बैठक बसली आणि प्रदर्शनाला निवडतात तशा गायी निवडल्या गेल्या. शिंगं थोरल्यांसारखी पाहिजेत, रंग थोरल्यांसारखा पाहिजे, चाल थोरल्यांसारखी पाहिजे. एकेक गाय माजावर आली की कानातल्या बिल्ल्यावरून आमच्या फोनवर निरोप यायचा आणि आमचा माणूस जायचा. दर वेळी गायीच्या अंगावर झूल घातलेली असायची आणि फोटोसाठी घरातली सगळी माणसं फेटे बांधून उभी असायची.

थोरल्यांचा पोचांक आला अकरा.

मी पट्टी धुऊन पुन्हा लावली. दुसरी कांडी घेतली, तिसरी घेतली. आकडा हलेना. केंद्राचे प्रमुख मुजावर सर माझ्या खुर्चीमागं उभे राहून बघत होते.

“धनश्री, यंत्र बरोबर आहे,” ते म्हणाले. “कालच्या चारही वळूंचे आकडे नेहमीसारखेच आलेत.”

“सर, कॅमेऱ्याखाली तर शुक्राणू उत्तम पळतायत. बघा ना. इतके चांगले की मला आपल्या केंद्रातल्या तरुण वळूंची लाज वाटावी.”

“पळतायत, पण जात नाहीत.” सरांनी चष्मा काढून पुसला. “पुढच्या सोमवारी साठा काढावा लागेल. मालकाला आधी कळवायचं असतं. मी कळवू का?”

कागदावर मालक म्हणजे माझे आण्णा. मीच जाते म्हटलं.

*

आण्णा गोठ्यात होते. थोरल्यांच्या जागेवर दावं अजून बांधलेलंच होतं आणि जमीन सारवलेली होती. शेजारी गंगी गाय उभी. मी आडवळणानं सुरुवात केली, पण आण्णांना आडवळण कळत नाही असं नाही, आवडत नाही.

“काय ते सरळ बोल.”

मी आकडा सांगितला आणि सोमवारचंही सांगितलं.

त्यांनी दाव्याची गाठ चाचपली. “म्हंजी आमचं थोरलं नापास?”

“आण्णा, वय झालं होतं त्यांचं...”

“कुनी सांगितलं तुला ह्ये? सासऱ्यानं?”

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “माझ्या कामात सासऱ्यांचा काय संबंध? मी असं करीन असं वाटतं तुम्हाला?”

“मला न्हाई वाटत. पर उद्या चावडीवर हीच बोली हुनार. हिंगनदऱ्याच्या सुनंनं नाथबाबाचा वळू वांझ ठरीवला म्हनतील. मी कुना-कुनाचं त्वांड धरू?” त्यांनी दाव्यावरचा हात काढला. “आनि खरंच जर खोट आसंल, तर पंधरा वर्सं मी काय सांबाळलं गं?”

उगाच काहीतरी करायचं म्हणून मी गंगीच्या मानेवरून हात फिरवू लागले. “हिचं कसं काय? गाभण आहे का?”

“कुठली. तीनदा उलटली. थोरलं व्हतं तवा बी उलटत व्हती. गावात निम्म्या गायींचं आसंच चाललंय. गायी नासल्या, आनि काय. बेपारी यील बुधवारी.”

गंगी वासरू असताना माझ्या हातून गूळ खायची. तिच्या मानेवर उजवीकडं, केस जिथं फिरतात तिथं माझी बोटं थांबली. जोड भोवरा. दोन भोवरे, एकमेकांना चिकटलेले. थोरल्यांनाही अगदी इथंच होते. तेवढ्यावरून तर त्यांना देवाला सोडलं होतं. भोवरा बघितल्याशिवाय आमच्याकडं कुणी खिल्लाराला हात लावत नाही.

मी पलीकडच्या गायीची मान बघितली. जोड भोवरा. तिच्या कालवडीचीही बघितली, तिलाही तोच. मग मी शेजारच्या गोठ्यात शिरले, तिथून पुढच्या गोठ्यात. काकू भांडी घासता घासता विचारत होत्या, काय हरवलं गं? मी हसत होते की रडत होते कोण जाणे.

परत येऊन आण्णांना विचारलं, “गंगी कुणाची?”

“कुनाची म्हंजी? थोरल्यांची.”

“तिची आई?”

“थोरल्यांचीच. गावात दुसरं हाय कोन?”

“आणि सोट घ्यायला निवडलेल्या त्या सगळ्या देखण्या गायी?”

आण्णा अभिमानानं म्हणाले, “येकजात थोरल्यांच्या. म्हनून तर निवडल्या.”

मी याच गावात वाढले, आणि रोज डोळ्यांसमोर होतं ते मला कधी दिसलं नव्हतं. आमच्या शास्त्रालाही नव्हतं दिसलं म्हणा. जवळच्या रक्तात वासरं दुबळी निपजतात हे जुनं ज्ञान झालं. पण सोट म्हणजे नुसतं वाटेतलं वंगण, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तो निवड करत असेल, ओळखीचं रक्त आलं की वाटेतच अडवत असेल, अशी शंका कुणी घेतली नव्हती. मग तो आकडा थोरल्यांचा नव्हताच. तो थोरले आणि त्यांच्या लेकी यांच्या जोडीचा आकडा होता. हे सिद्ध करायला मला एक थेंब सोट पाहिजे होता, थोरल्यांशी काडीचंही नातं नसलेल्या गायीचा. आणि थोरल्यांच्या रक्ताचा थेंबही शिरू न दिलेलं सर्वांत जवळचं गाव कुठलं, हे तुम्हाला सांगायला नको.

“आण्णा, गंगीला बुधवारी विकू नका. माझ्यासाठी थांबा. आणि तिचाही सोट मला लागेल.”

त्यांनी गंगीपुढं कडबा टाकला. बुधवारी व्यापारी रिकाम्या हातानं गेला, हे मला नंतर कळलं.

*

मामा, म्हणजे माझे सासरे, ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. त्यांची रेशमी गाय त्याच सकाळी माजावर आली होती. नवनाथ मला डोळ्यांनी खुणावत होता की आत्ता नको. मी विचारलंच.

मामांचा अडकित्ता थांबला. “आमच्या रेशमीला तरसवाडीचा वळू? सूनबाई, तुमी शिकल्यासवरल्या...”

“वळू नाही मामा. तिचा थेंबभर सोट. काचेवर.”

“काचंवर का हुईना, गाठ पडनारच की त्येंची!”

सासूबाई आतून म्हणाल्या, “अवो, काचंवर कुटं कोन गाभन ऱ्हातंय? द्या की पोरीला. तिच्या बापाचं हाय ते.”

बापाचं आहे हे मामांना पटलं असावं. पण तरसवाडीला काही फुकट देणं त्यांच्या जिवावर आलं. “मग आमच्या इंद्राची बी कांडी लावा त्या यंत्राला. आमच्याच गाईसंगं लावा. किती मार्क पडत्यात ते तरसवाडीला कळू द्या.”

मी मान खाली घालून बरं म्हटलं, कारण इंद्राला काय मार्क पडणार याचा अंदाज मला आला होता. हिंगणदऱ्यातही वळू एकच होता, आणि तोही बऱ्याच वर्षांचा.

*

शनिवारी मी दोघांनाही केंद्रात बोलावलं, एकमेकांना न सांगता. लग्नानंतर पहिल्यांदाच ते समोरासमोर आले. दोघांनी राम राम केला आणि दोन टोकांच्या खुर्च्या धरल्या. मध्ये मुजावर सर चहाचे पेले घेऊन अवघडून बसले.

मी आधी थोरल्यांचे शुक्राणू गंगीच्या, आदल्याच दिवशी मिळालेल्या सोटाकडं सोडले. पडद्यावर ते झुंडीनं निघाले, जोरात, सरळ. निम्म्या वाटेवर आल्यावर त्यांची चाल मंदावली. काही जागीच थरथरत राहिले, काही गोल फिरायला लागले. पार पोचले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

“बगा,” मामा खूश होऊन म्हणाले. आण्णांनी जमिनीकडं बघितलं.

मग मी तीच कांडी रेशमीच्या सोटाला लावली. तेच थोरले, तेच पाट. झुंड निघाली आणि थांबलीच नाही. पाटच्या पाट भरून ते पलीकडं गेले आणि कडांना धरून राहिले. कोपऱ्यातला आकडा चढत चढत ब्याऐंशीवर स्थिरावला.

आण्णा उठून पडद्याजवळ गेले. “ह्ये थोरलंच का?”

“थोरलेच.”

“आनि मगाचं?”

“तेही थोरलेच. मघाशी समोर त्यांची लेक होती.”

आण्णा वळले. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. “पोरींनी बापाला वळखलं व्हय रं! आनि आमी त्यास्नी भाकड म्हनून इकत बसलो. थोरल्यांत खोट न्हवती. गायींत बी न्हवती.”

“कुणातच नव्हती, आण्णा.”

मामांना यात फारसा रस नव्हता. “आता आमचा इंद्रा लावा,” ते म्हणाले. मी लावला. रेशमीच्या सोटासमोर इंद्राला चौदा मार्क पडले. मामांचा चेहरा बघवेना, म्हणून लगेच इंद्रा आणि गंगी ही जोडी लावली. एकोणऐंशी.

मला भीती वाटायला लागली की आता दोघं मिळून माझ्यावर उखडणार. मामांनी पेल्यातला गार चहा एका घोटात संपवला आणि छताकडं बघत म्हणाले, “पाव्हनं, पूर्वी आपल्याकडं साटंलोटं करायचं. तुमची लेक आमच्यात, आमची लेक तुमच्यात.”

“करायचं,” आण्णा म्हणाले.

“आमाला लेक न्हवती, म्हनून तवा ऱ्हायलं.”

“मग आता करू.”

एवढंच बोलणं झालं. वर्षानुवर्षांचं वैर एवढ्या चार वाक्यांत मिटतं यावर मुजावर सरांचा विश्वास बसेना. त्यांनी मला हळूच विचारलं, “ठरलं का?” मी म्हटलं, ठरलं. सरांनी सोमवारचा हुकूम तिथल्या तिथं थांबवला आणि वर कळवलं की पोचांक आता एकट्या वळूचा धरता येणार नाही, कुठल्या गायींशी ते बघावं लागेल. आमच्या केंद्रातून नापास झालेले आणखी तीन वळू त्यामुळं वाचले.

आता तर गावोगावचे लोक स्थळं बघतात तसे बिल्ल्यांवरचे वंश बघायला आमच्याकडं येतात. बायका यंत्राला ‘स्वयंवर’ म्हणतात. काही जण गायीला पसंत पडला का असं लाजत विचारतात.

*

थोरल्यांच्या कांडीतून रेशमीला खोंड झाला आणि त्याच महिन्यात इंद्राच्या कांडीतून गंगीला कालवड. खोंड पाच दिवसांचा झाला तेव्हा आण्णा ओढा ओलांडून आले. फेटा बांधून, खांद्यावर नवी घुंगरमाळ टाकून. मी उंबऱ्यातच उभी होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, “गोठा कुटं हाय?”

ते खोंडाजवळ उकिडवे बसले आणि त्याच्या मानेवरचे ओलसर केस दोन बोटांनी बाजूला केले. उजवीकडं जोड भोवरा. आण्णांनी खांद्यावरची घुंगरमाळ उतरवून त्याच्या गळ्यात घातली.

जेवायला सगळे एका ओळीत बसले. बाजरीची भाकरी आणि सासूबाईंनी खास केलेली डाळ. मामांनी घास मोडता मोडता, कुणी विचारलेलं नसताना, म्हटलं, “पाव्हनं, त्यो खोंड घिऊन जावा. नाथबाबाला सोडा. आमी काय बी म्हननार न्हाई.”

नवनाथचा हात ताटातच थांबला. वळूचा शब्द पंगतीत निघाला होता. आणि देणं तरी केवढं! थोरल्यांचा मुलगा, तसाच भोवरा, तरसवाडीच्या देवाला. आण्णांनी वर्षभर दुसरं काही मागितलं नव्हतं. गाव त्यांना डोक्यावर घेऊन नाचलं असतं. मला बोलणं भाग होतं.

आण्णांनीच मान हलवली. “न्हाई पाव्हनं. तितं सगळ्या त्येच्या भनी हायती.”

“मग हितं ठिवू?”

“हितं मावश्या.” आण्णांनी पाण्याचा घोट घेतला आणि माझ्याकडं वळले. “धने, तुझ्या त्या यंत्रात बगून त्येला चांगलं गाव शोध. लांबचं बग. जवळचं आमी लई केलं.” मग जरा थांबून, ताटाकडं बघत, हळू आवाजात म्हणाले, “तू बगितलंस तसं.”

मी वाढायच्या निमित्तानं उठले. पंगतीत मात्र कुणीही हात धुऊन उठलं नाही. उलट मामांनी आणखी एक भाकरी मागितली, आणि जतच्या बाजूला कुठली गावं चांगली यावर दोघांचं जोरात भांडण सुरू झालं.